शेवंतीची रेवाल चाल

आमच्या घरात सकाळची पहिली भाकरी घोडीची असे. दुसरी वडिलांची, म्हणजे आप्पांची, आणि मग आम्हा बाकीच्यांची. अव्वा, माझी आई, चुलीपुढे बसून भाकरी थापायला लागली की तो आवाज अंगणातल्या कडुलिंबापर्यंत जायचा आणि तिथं बांधलेली शेवंती पुढचा पाय आपटायला लागायची. अव्वा आतूनच ओरडायची, "आगं थांब माय, तवा तर तापू दी!" अव्वा माणसांशी जेवढं बोलत नसे तेवढं घोडीशी बोले. भाकरीवर ती गुळाचा खडा ठेवायची आणि मला पाठवायची. शेवंती आधी गूळ उचलायची, मग भाकरी. तोवर आप्पा विभूती लावून, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसलेले असत. त्या वेळी घरात कुणी बोलायचं नाही असा दंडक होता. अंगणातून फक्त घोडीच्या चावण्याचा आवाज येत राही, आणि तो दंडकात बसत नसे.

आम्ही जंगम, लिंगायतांचे पुरोहित. मुखेडपासून आत, काळ्या रानांच्या आणि उघड्या माळांच्या मधल्या एका गावात आमचं घर होतं आणि आसपासच्या गावांचे आप्पा स्वामी होते. लग्न, घरभरणी, बाळाच्या गळ्यात लिंग बांधणं, मयत, सगळ्याला आप्पा लागत. यष्टी मुखेडच्या रस्त्यानं निघून जायची. आप्पांची गावं मात्र आत, ओढ्यांच्या पलीकडे. आप्पा ती सगळी शेवंतीच्या पाठीवर फिरत. शिष्याच्या दारात आप्पा उतरले की घरची बाई तांब्या घेऊन बाहेर यायची, "शरणार्थ आप्पा" म्हणत त्यांच्या पायांवर पाणी घालायची आणि उरलेलं पाणी घोडीच्या पुढच्या खुरांवर ओतायची. ही रीत कुणी पाडली ठाऊक नाही. आप्पांच्या वडिलांच्या घोडीलाही असंच पाणी मिळायचं म्हणे. पाण्यामागून गूळ किंवा मूठभर हरभरे येत. त्यामुळे शेवंतीला आमच्या पंथाची घरं आप्पांपेक्षा जास्त पाठ होती. वाण्याच्या दुकानापुढून ती मान वर करून निघून जायची आणि पुढच्या शिष्याच्या दारात आपोआप थांबायची.

तिची चाल रेवाल होती. ज्यांनी रेवाल घोडी कधी पाहिली नाही त्यांना सांगायचं तर, ती धावत नाही आणि चालतही नाही. चारी टापा एकामागोमाग, सारख्या अंतरानं पडत जातात आणि पाठ जागची हलत नाही. वर बसलेल्या माणसाला वाटावं आपण ओसरीवर बसलोय आणि रानच मागं सरकतंय. हल्ली माझा नातू मला मोबाइलवर माळेगावच्या जत्रेतल्या घोड्यांचे व्हिडिओ लावून देतो. लातूरच्या या तिसऱ्या मजल्यावर बसून मी आवाज मोठा करते आणि डोळे मिटते. नातू म्हणतो, आजी, बघ तरी. त्याला काय सांगू, बघायचं नाहीच मला.

घोडीवर बसायला मला आप्पांनीच शिकवलं. अण्णा, माझा थोरला भाऊ, नांदेडला शिकायला गेला आणि तिथंच नोकरीला लागला. घोडीचा वास आपल्याला सोसत नाही असं तो सांगे. खरं म्हणजे लहानपणी तिनं त्याच्या दंडाला चावा घेतला होता आणि ते तो कधी विसरला नाही. मग निरोप द्यायला मीच. परकराचा काचा मारायचा, पोत्याचं खोगीर टाकायचं आणि "आप्पा सोमवारी येतील" असं सांगत गावोगाव फिरायचं. देवणीचे मामा मला घोडनवरी म्हणत. म्हणू देत. माळावर पोचलं की मी लगाम सैल सोडायची. करडई फुलात असायची, वारा कानात शिरायचा आणि शेवंतीची चाल लागायची. त्या वयाच्या गावातल्या बाकीच्या पोरी विहिरीपर्यंत आणि फार तर रानापर्यंत जात. मी सगळं शिवार फिरत होते. पुढे आयुष्यात मी पुष्कळ वाहनांत बसले, एकदा विमानातही. पण आपण कुठंही जाऊ शकतो असं मला फक्त त्या पाठीवर वाटलं.

सगळा जन्म घोडीवर काढलेला माणूस पडला तो न्हाणीत. दगड शेवाळलेला होता, आप्पांचा पाय सरकला आणि खुबा निखळला. गावच्या हाडवैद्यानं बांधलं, नंतर नांदेडच्या दवाखान्यातही नेलं, पण पाय आखूड राहिला. काठीनं चालता येई, बसता येई. घोडीवर मांड मात्र ठोकता येईना. दोनतीनदा आम्ही त्यांना ओट्यावरून चढवून पाहिलं. वेदनेनं त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि शेवंती, जिनं कधी आप्पांखाली अंग हलवलं नव्हतं, ती गोंधळून गोल फिरायला लागली. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. ते ओसरीवर बाजेवर बसून राहत. पहिले काही दिवस शिष्य भेटायला आले, कुणी बैलगाडी पाठवतो म्हणाले. पण कुणी गाडी पाठवील तेव्हा जायचं, हे आप्पांच्या पचनी पडेना. हळूहळू बोलावणी कमी झाली. उदगीरकडचे एक तरुण स्वामी मोटारसायकलवरून यायला लागले होते. आप्पांच्या हातून ज्याच्या गळ्यात लिंग बांधलं गेलं होतं, त्याच पोराच्या लग्नाला ते स्वामी येऊन गेल्याचं आम्हाला नंतर कळलं. त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत. अव्वानं अंबाडीची भाजी केली होती, त्यांच्या आवडीची, करडईच्या तेलाची धार सोडून. ताट तसंच आत गेलं. माणूस दुखण्यानं नाही, बसून राहिल्यानं संपतो हे मी तेव्हा पाहिलं.

माळेगावची जत्रा तोंडावर आली तसे मामा आले. मामांचा जीव बैलांत. देवणीच्या माणसाला दुसरं जनावर दिसतच नाही. हुरडा खाता खाता ते म्हणाले, "दाजी, घोडी माळेगावला इकायला काढू. चालीची हाय, बघणारे लई येतील. म्या एक गरीब बैल देतो. छकड्यात बसून खुशाल हिंडा."

मी आप्पांकडे पाहिलं. ते नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. ते हुरड्याचे दाणे निवडत राहिले.

बोलली ती अव्वा. "बैल कशाला? घोडी दारात हाय की. टांगा वढंल ती."

"चालीची घोडी टांग्याला?" मामा हसले. "अक्का, पैठणीचं पोतेरं करून राहिलीस का?"

"पैठणी पेटीत ठिवून काय पूजा करायची हाय? ह्यांना घराभाईर तर पडता यील." अव्वाचा आवाज चढला होता. "माणूस वाळून चाललाय माझा."

मग आप्पांनी मला जवळ बोलावलं. "निलव्वा, ती तुझंच ऐकती. तुलाच शिकवावं लागंल. पण एक सांगतो. जुंपलेल्या घोडीची चाल ऱ्हात न्हाई. वढायची सवय लागली की दुडक्या चालीवर येती. तुझी सवारी जाईल."

"जाऊ द्या आप्पा," मी म्हणाले. "घोडी तर ऱ्हाईल."

किती पटकन म्हणाले मी. आज त्या पोरीचा मला राग येत नाही, तिचं कौतुकच वाटतं. पण आपण काय देऊन टाकतोय हे तिला ठाऊक नव्हतं.

टांगा आणला मुखेडच्या खाजाचाचांनी. बसस्टँड ते बाजार असा त्यांचा टांगा कैक वर्षं चालला होता. ऑटो आले, मग त्यांचं घोडंही म्हातारं होऊन गेलं आणि टांग्यात कोंबड्या राहायला लागल्या. चाचा बोलायला बहाद्दर होते. "स्वामी, फिकर नको. निजामाच्या वक्ताला माझ्या आज्यानं सरकारी घोडे शिकवले. ही तर घरची पोरगी हाय. आठवड्यात तुमाला मुखेड दाखवतो." मी पाहिलं तर टांग्याच्या गादीवर अजून कोंबडीची पिसं होती.

आधी नुसता ओंडका ओढायला लावायचा असं ठरलं आणि तिथंच आमची पहिली चूक झाली. चाचांनी तिला गावाच्या गल्लीत नेलं. ओंडका तिनं बिनतक्रार ओढला, पण पहिल्या शिष्याच्या दारात ती थांबली. आतून बाई तांब्या घेऊन आली, पाठीवर आप्पा नाहीत हे दिसत असूनही तिनं खुरांवर पाणी ओतलं, गूळ दिला, हात जोडले. पुढच्या दारात तेच. त्याच्या पुढच्या दारातही तेच. चाचा घामाघूम झाले. "आवो माय, गूळ नका देऊ, शिकून राहिली ती!"

"आप्पाची घोडी दारातून कोरडी पाठवू का?" त्या दारातली बाई म्हणाली.

"चला बेटी, माळावर," चाचा मला म्हणाले. "हितं घोडीला न्हाई, गावाला शिकवावं लागंल."

माळावर टांगा जोडला आणि खरी परीक्षा सुरू झाली. चाचांनी तिच्या डोळ्यांना झापडं बांधली होती. तिच्या मागं तोवर कधी काही नसे. जे असे ते पाठीवर. आता पाठ रिकामी आणि मागं खडखडाट. चाकं फिरली तशी ती उधळली. टांगा बांधावर चढला, एक दांडी मोडली, चाचा बाभळीत. दांडी दुरुस्त झाली, पुन्हा जोडला, पुन्हा तेच. झापडं काढून पाहिली तर ती मागं वळून चाकाकडे बघे आणि थरथर कापे. आठवड्यात मुखेड दाखवणारे चाचा म्हणाले, "ही न्हाई व्हायची, स्वामींना सांगा." आणि बांधावर बसून त्यांनी विडी पेटवली. जत्रेला जाणारे घोडे आता रोज मुखेडच्या रस्त्यानं दिसायला लागले होते. मामांचा निरोपही येऊन गेला होता.

मला रडू फुटलं आणि रागही आला, चाचांचा, मामांचा, त्या चाकांचा. त्या भरात मी दांडीवर पाय दिला आणि जुंपलेल्या शेवंतीच्या पाठीवर जाऊन बसले. "मी हाय बघ," मी तिच्या मानेवर हात ठेवून म्हणाले. तिचं अंग हळूहळू थंडावलं. कान मागं आले, माझा आवाज ऐकायला. मी टाच लावली आणि ती निघाली. मागं टांगा खडखडत होता आणि ती चालली होती, तिच्या त्याच चालीनं, जणू मागं काहीच नाही. चाचा विडी टाकून धावत आले. "पाठ रिकामी हाय म्हणून घाबरून राहिली हुती! मला ठावंच हुतं!" त्यांना मुळीच ठाऊक नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मला आयुष्यभर पुरले. सकाळी उन्हं वर आली की आम्ही निघत असू. मी घोडीवर, आप्पा टांग्यात, त्यांच्या शेजारी चाचा. अव्वा फडक्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा बांधून द्यायची. लोक हसत, स्वामींची वरात निघाली म्हणत. आप्पाही हसत. बाजेवरून उठल्यापासून त्यांचा आवाज पुन्हा मोकळा झाला होता. मागं बसून ते गात आणि मी पुढं बसून ऐकत असे. मला वाटलं, सगळंच साधलं. आप्पा बाहेर पडले, घोडी राहिली आणि माझी सवारीही राहिली. चाचा रोज म्हणत, "बेटी, आता उतरून बघ." मी रोज काहीतरी काढायची. आज वारं लई हाय. आज ती बिचकलेली दिसते. उद्या. चाचांना सगळं कळत असावं, पण ते आप्पांपुढं कधी बोलले नाहीत.

मग सांगवीहून बोलावणं आलं. बाळाच्या गळ्यात लिंग बांधायचं होतं आणि त्या घरच्या म्हातारीनं निक्षून सांगितलं होतं, आप्पाच पाहिजेत. आप्पांनी पहाटेच आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले. चाचांना त्या दिवशी ताप होता, म्हणून आम्ही दोघंच निघालो. सांगवीच्या अलीकडे मोठा चढ लागतो. आज तिथं डांबरी रस्ता आहे, तेव्हा नुसता मुरूम होता. अर्ध्या चढावर शेवंतीला दम लागला. तोंडाला फेस आला, मान खाली गेली, माझ्या मांड्यांखाली तिचं अंग घामानं ओलं झालं. तरी ती थांबत नव्हती.

"निलव्वा," आप्पा मागून म्हणाले. "थांबीव."

मी थांबवलं.

"एका जिवाकडून दोन कामं करून घेऊन राहिलो आपण. बरं न्हाई हे." मग त्यांनी विचारलं, "उतरतीस का, माय?"

उतर असं ते म्हणाले असते तर मी कदाचित वाद घातला असता. त्यांनी विचारलं. मी तिच्या मानेवर डोकं टेकलं. आयाळीला घामाचा आणि गुळाचा वास येत होता. मग मी उतरले आणि लगाम आप्पांकडे दिला. तिच्या तोंडाशी उभी राहून मी चालायला लागले, तीही चालली. मी हात काढला. ती थांबली, मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आप्पांनी जीभ टाळ्याला लावून तो आवाज काढला, पाठीवर बसून काढत तोच. "चल गं बाई." तिचे कान मागं गेले. तिला कळलं की आप्पा आहेत, फक्त मागं आहेत. तिनं जोर लावला, टांगा हलला आणि चढ चढून वर गेला.

मी रस्त्यात उभी होते. सपाटीला लागल्यावर तिनं आधी चार पावलं रेवाल टाकली. मग टांग्याचा झोक सांभाळताना तिची लय मोडली आणि तिला दुसरी सापडली. टापा जोडीजोडीनं पडायला लागल्या. टप, टप, टप, टप. सरळ, ठाशीव, कुठल्याही टांग्याच्या घोड्याची असते तशी. मी ऐकत राहिले. मग आप्पांनी हाक मारली तेव्हा धावत जाऊन टांग्यात बसले. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "यील परत," ते म्हणाले. "चाल रगतात असती. ती कुठं जात न्हाई."

सांगवीत म्हातारी तांब्या घेऊन दारात उभीच होती. आप्पांच्या पायांवर, घोडीच्या खुरांवर पाणी घालून झाल्यावर ती टांग्यापुढं घोटाळली आणि मग उरलेलं पाणी तिनं चाकांवर ओतलं. आप्पा मोठ्यानं हसले. आत त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि त्याच्या गळ्यात लिंग बांधलं. जेवायला हुग्गी होती, गव्हाची खीर, वर तुपाची धार. आप्पांनी दोनदा मागून घेतली. मला मोडलेली ती चाल सलत होती आणि तरीही मी मनापासून सुखी होते. या दोन्ही गोष्टी एका वेळी होऊ शकतात हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. शेवंती माळेगावला गेली नाही. आप्पा पुढं खूप वर्षं फिरले. मोटारसायकलवाल्या स्वामींशी त्यांची पुढं चांगली मैत्रीही झाली.

पुन्हा शेवंतीवर बसायचं मी टाळलं. आधी तिला टांग्याची पक्की सवय होऊ दे म्हणाले, मग माझं लग्न ठरलं. लातूरला आले, संसारात पडले. पंचमीला पहिल्यांदा माहेरी गेले त्या वर्षी मात्र राहवेना. दुपारी आप्पा आत झोपले होते. टांगा लिंबाखाली सोडलेला होता. मी पातळाचा काचा मारला, शेवंतीला सोडलं, ओट्यावरून तिच्या पाठीवर बसले. माझं वजन ओळखून तिनं कान मागं घेतले. मला वाटलं आता. मी टाच लावली, तिच्या कानाशी तोच आवाज काढला. ती चार पावलं चालली आणि थांबली. मान वळवून तिनं मागं पाहिलं, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. मागं काही नव्हतं. मग ती आपल्या मनानं वळली, सावकाश टांग्यापाशी गेली, पाठमोरी झाली आणि एकेक पाऊल मागं सरत दोन दांड्यांच्या मधे जाऊन उभी राहिली.

मी तिच्या पाठीवर बसूनच होते. दारात अव्वा उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

आतून आप्पांचा आवाज आला. "निलव्वा, बसलीस का गं? चालली का रेवाल?"

"हाव आप्पा," मी म्हणाले. "चालली."

"मी म्हणलं हुतं का न्हाई!" आप्पांना इतका आनंद झाला की ते बाजेवर उठून बसल्याचं मला बाहेर ऐकू आलं. शेवंती दांड्यांमधे तशीच उभी होती, कुणीतरी येऊन जुंपण्याची वाट पाहत.